तांबूस केसांच्या दोघी: ‘सिंगल व्हाइट फीमेल’ घ्यावा की ‘द रूममेट’ बघावा?

माझी मावसबहीण या जूनमध्ये मालवणहून रत्नागिरीला शिकायला गेली. खोलीत दोघी. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन, ‘ताई, तो रूममेटवाला सिनेमा कुठला गं? जुना बघू की नवा? आणि जुना बघायचा तर डिस्क मागवू की मोबाईलवर चालेल?’ हेच मला आणखीही दोघीतिघींनी विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुना बघा, आणि जमलं तर ब्ल्यू-रेवर (डीव्हीडीसारखीच, पण जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) बघा. मात्र आपल्या किनाऱ्यावर त्यात अडचणी आहेत, त्या पुढे सांगते.

जुना म्हणजे १९९२ चा ‘सिंगल व्हाइट फीमेल’. जॉन लुट्झच्या १९९० च्या कादंबरीवरून डॉन रूसने पटकथा लिहिली आणि बार्बेट श्रोडरने दिग्दर्शन केलं. न्यूयॉर्कमध्ये राहणारी अ‍ॅली (ब्रिजेट फोंडा) होणाऱ्या नवऱ्याला घराबाहेर काढते, एकटेपण सहन होत नाही म्हणून पेपरात जाहिरात देते, आणि हेडी (जेनिफर जेसन ली) राहायला येते. लाजरी, ढगळ कपड्यांतली, मदतीला तत्पर. ती घर आवरते, कुत्र्याचं पिल्लू आणते. मग हळूहळू अ‍ॅलीसारखे कपडे, अ‍ॅलीसारखे केस. पुढचं सांगत नाही.

यातला पहिला अर्धा भाग इतका खरा का वाटतो, ते एकत्र खोलीत राहिलेल्या कुणालाही कळेल. मी बी.एड.ला असताना माझ्या रूममेटने माझ्यासारखाच जांभळा पंजाबी ड्रेस त्याच दुकानातून आणला होता. मला आनंदच झाला, दोघींनी तो घालून फोटोही काढला. आमच्यात वाईट काही झालं नाही, आजही ती माझी मैत्रीण आहे. पण तो आनंद मला आठवतो, आणि हेडीने काही आणलं की अ‍ॅलीच्या चेहऱ्यावर तसाच आनंद दिसतो. या सिनेमातली भीती मायेतूनच येते, म्हणून ती कधी सुरू झाली ते नेमकं सांगता येत नाही.

मी तो पहिल्यांदा व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर पाहिला. पावसाळ्याचे दिवस होते. कॅसेटच्या खिडकीतून आत बघितलं तर टेपच्या कडेला बुरशीची पांढरी रेघ. व्हीसीआरचं हेड दोनदा पुसावं लागलं. त्यात एक प्रसंग आहे, अ‍ॅली सलोनमध्ये थांबलेली असते आणि हेडी जिन्यावरून खाली येते, अगदी अ‍ॅलीसारखे कापलेले, तसेच तांबूस रंगवलेले केस घेऊन. कॅसेटवर रंगाचा तपशील फार कमी असतो आणि लाल रंग सर्वांत जास्त ओघळतो. त्यामुळे मला दिसला तो एक तांबडा डाग जिना उतरताना. नक्कल केली एवढं कळलं. ती किती तंतोतंत आहे आणि तरी कुठे कमी पडते, हे कळलंच नाही. ब्ल्यू-रेवर तो रंग केसांपुरताच राहतो. केसांखालचा चेहरा वेगळा आहे, मान धरायची पद्धत वेगळी आहे, आणि आपलं कौतुक होईल अशी वाट बघणारे डोळे तर पूर्णच वेगळे. जेनिफर जेसन लीला या कामासाठी १९९३ मध्ये एमटीव्हीचं सर्वोत्कृष्ट खलपात्राचं पारितोषिक मिळालं. मला ती खलनायिका वाटत नाही. लहानपणी जुळी बहीण गमावलेल्या मुलीचं ते दुःख आहे, आणि लीने ते पहिल्या प्रसंगापासून खांद्यांत धरून ठेवलंय.

आता नवा, २०११ चा ‘द रूममेट’. मिंका केली आणि लेटन मीस्टर, दिग्दर्शक क्रिश्चन ई. क्रिश्चनसन. साचा तोच, फक्त फ्लॅटच्या जागी लॉस एंजेलिसमधल्या कॉलेजचं हॉस्टेल आणि पिल्लाच्या जागी मांजर. दीड तासात संपतो, मोबाईलवर बघायला अडचण नाही, आणि मीस्टर काही ठिकाणी खरंच चांगली आहे. पण यात कुणीच कुणाशी फारसं बोलत नाही. दोघींची मैत्री जमण्याआधीच संगीत आपल्याला घाबरायला सांगतं. शिवाय मध्येच न घेतलेल्या गोळ्यांची बाटली सापडते आणि सगळ्या वागण्याचं उत्तर तिथेच दिलं जातं. हे मला मनापासून खटकतं. मानसिक आजारासाठी गोळ्या घेणारी मुलगी कुणाच्याही खोलीत, कुणाच्याही घरात असू शकते, आणि तिला घाबरायचं काही कारण नसतं. जुन्या सिनेमातही हेडी शेवटी हिंसक होते, पण तिथे आपल्याला तिचं रिकामेपण आधी दाखवलेलं असतं.

एका बाबतीत मात्र नवा सोयीचा आहे. जुना मोठ्यांसाठीचा आहे. नग्नता आहे, रक्त आहे, आणि त्या पिल्लाचं जे होतं ते मला आजही बघवत नाही. माजघरात आईबाबांसोबत, लहान भावंडांसोबत बघायचा असेल तर जुना लावू नका. नव्यातही मांजराचा प्रसंग वाईट आहे, पण बाकी तो किशोरवयीन प्रेक्षक धरूनच केलाय. २००५ मध्ये जुन्याचा दुसरा भाग थेट व्हिडिओवर आला होता, त्यावर वेळ घालवू नका.

आता डिस्कचं. २०१८ मध्ये अमेरिकेत स्क्रीम फॅक्टरी या डिस्क काढणाऱ्या कंपनीने ‘सिंगल व्हाइट फीमेल’ ब्ल्यू-रेवर आणला. त्यात श्रोडरची नवी कॉमेंट्री आहे, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावरचं त्याचं बोलणं, पटकथाकाराची आणि स्टीव्हन वेबर, पीटर फ्रीडमन या नटांची मुलाखत आहे. पण ब्ल्यू-रेसाठी जगाची क्षेत्रं पाडलेली आहेत, आणि एका क्षेत्राची डिस्क दुसऱ्या क्षेत्राच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. ती डिस्क क्षेत्र ‘ए’ची, आणि भारत क्षेत्र ‘सी’मध्ये येतो. माझ्या भाच्याने अमेरिकेहून आणून दिली, मी हौसेने लावली, आणि पडद्यावर क्षेत्र जुळत नसल्याची सूचना. शेवटी पुण्याला मैत्रिणीकडे सगळी क्षेत्रं वाचणारा प्लेअर आहे, तिच्याकडे दोन रात्री बसून पाहिली. तेव्हा आधी प्लेअरची खात्री करा, मग डिस्क मागवा.

डीव्हीडी स्वस्त पडते. तिच्यातही क्षेत्रं आहेत, अमेरिका १ आणि भारत ५, पण आपल्याकडच्या बऱ्याच साध्या प्लेअरना सगळी क्षेत्रं चालतात. युरोपातली पाल (तिकडची टीव्हीच्या चित्राची पद्धत) पद्धतीची डीव्हीडी मिळाली तर एक लक्षात ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि पालमध्ये तो २५ ने धावतो. पावणेदोन तासांतली चार मिनिटं कमी होतात आणि आवाज बहुधा किंचित बारीक होतो. हेडीचा तो हळू, खालच्या पट्टीतला आवाज बारीक झाला तर बरंच काही जातं.

आवाजाचं मी एवढं बोलते त्याला कारण आहे. बाहेरून जी इमारत दिसते ती न्यूयॉर्कमधली अँसोनिया, १९०४ मध्ये पूर्ण झालेली. तिच्या भिंती इतक्या जाड की गायक-वादक मुद्दाम तिथे राहायचे. आणि सिनेमात नेमकं हवेच्या झरोक्यातून वरच्या मजल्यावरचं बोलणं खाली आणि खालचं वर ऐकू जातं. कुणीतरी ऐकतंय ही जाणीव त्या झरोक्यातून येते, आणि हॉवर्ड शोरचं संगीतही त्या शांततेला जागा देतं. छायाचित्रण लुचानो तोवोलीचं. काळोख्या बोळांमध्ये त्याने ठेवलेला उजेड मोबाईलच्या पडद्यावर नुसता राखाडी दिसतो.

जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असताना झरोक्यातली कुजबूज तुम्हाला ऐकू येणार नाही. स्पीकर कितीही वाढवा, संवाद तेवढे मोठे होतात, कुजबूज पावसातच जाते. हेडफोन लावा.

ओटीटीचं थोडक्यात सांगते. आज असलेला सिनेमा पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही, आणि पावसात आपल्याकडचं नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रेंज गेली की चित्राचे चौकोन होतात, आणि ते आधी काळोखातच होतात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आणि डिस्क होत्या त्यांनीच काही पाहिलं असेल.

डिस्क घेतली तर ती इथे जपावी लागते. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, कव्हरचा कागद आधी डागाळतो, मग डिस्कवर धुरकट ठिपके येतात. माझ्या आईच्या साड्यांच्या कपाटात पावसाळाभर एक छोटा बल्ब जळत असतो, त्याच कपाटात, पण बल्बपासून लांब, वरच्या फळीवर मी डिस्क ठेवते, स्टीलच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांत येणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह. ठिपका आलाच तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

मावसबहिणीकडे ब्ल्यू-रे प्लेअर नाही, लॅपटॉपवर डीव्हीडी चालते. म्हणून तिला मी माझी डीव्हीडी आणि हेडफोन एसटीने पाठवले. रूममेटला बरोबर घेऊन बघ म्हटलं, आणि सलोनचा जिना आला की दोघींनी एकदा थांबवून हेडीचे डोळे बघा.