काळ्या मातीवर १० बाय १२ चं तयार टिनशेड: सांगाडा घ्या, पाया मात्र आपला करा

तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनची दुकानं आता तयार टिनशेड देतात. खांब आणि पट्ट्या मापात कापून, भोकं पाडून ट्रॉलीत येतात आणि जागेवर फक्त नट-बोल्ट कसायचे असतात. शेतातली अवजारं, फवारणी पंप, ठिबकच्या नळ्या, मोटर आणि थोडं वेल्डिंगचं सामान ठेवायला सगळ्यात जास्त खपतं ते १० बाय १२ फुटांचं एकपाखी शेड: सहा खांब, समोर ९ फूट, मागे साडेसात फूट उंची, चार फुटी दार आणि सोबत एक लोखंडी रॅक. यातलं लोखंडकाम खरंच चांगलं असतं. रॅक कामचलाऊ असतो. पाया आणि दार मात्र विदर्भाच्या मातीला आणि उंदरांना चालणारं नसतं.

आधी लोखंड. दर चौरस फुटाचा सांगितला, तरी बिलावर वजन लिहून मागा. ५० बाय ५० मिलिमीटरची चौकोनी नळी २ मिलिमीटर जाडीची असेल तर ६ मीटरची एक नळी साधारण १८ किलो भरते, १.२ मिलिमीटरची असेल तर ११ किलोच. रंग लागला की दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून काट्यावर टाकूनच खरं कळतं. खांब २ मिलिमीटरचेच हवेत. छपराच्या चार आडव्या पट्ट्यांना ४० बाय ४० ची १.६ मिलिमीटर नळी पुरते. पत्रा ०.५ मिलिमीटरचा घ्या. ०.३५ चा पत्रा स्वस्त पडतो, पण दुरुस्तीला वर चढलं की पायाखाली चेपतो आणि चेपलेल्या जागी पाणी साचतं. पत्रे १२ फुटी चार लागतात. एक पत्रा शेजारच्यावर चढवून जेमतेम एक मीटर रुंदी झाकतो, म्हणजे चार पत्र्यांत १२ फूट आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट पुढे निघतो.

आता पाया. दुकानदाराची माणसं खांबाला फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा करतात. मुरमाड जागेवर ते एकवेळ निभतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात खांबाच्या बुडाशी बोट जाईल एवढी भेग दिसते. दीड फुटाचा खांब या फुगण्या-आकसण्याच्या थरातच उभा असतो. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत एखादा कोपरा वर उचलला जातो, चौकट तिरपी होते आणि दार अडकतं. लोक बिजागरी घासत बसतात, पण दोष खालचा असतो.

खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. यवतमाळ-वर्ध्याच्या उतारांवर बरेचदा तो तीन-चार फुटांत सापडतो. अकोला-बुलढाण्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खूप खोल असते, तिथे मुरूम शोधत बसू नका. चार फूट खोल, दीड बाय दीडचा खड्डा घ्या, तळ घड्याच्या पोटासारखा थोडा रुंद करा आणि सहा इंच मुरूम पाणी मारून ठोकून बसवा. त्यावर साडेतीन फूट काँक्रीट. फुगणारी माती खांब वर ओढते तेव्हा रुंद बूड त्याला खाली धरून ठेवतं. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम पाइलचं तत्त्व हेच आहे. खड्ड्याभोवती राहिलेल्या पोकळीत तीच काळी माती परत लोटू नका, मुरूम भरा.

वजनाचाही हिशेब आहे. फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्ड्यातलं काँक्रीट १०० किलोच्या आसपास भरतं. वर सांगितल्या मापाचं सव्वापाचशे किलोच्या पुढे जातं. मे-जूनचं वादळ एकपाखी छपराखाली शिरलं की ते पंख्यासारखं वर उचलतं. त्या वेळी खांबाला धरून ठेवतं ते हे वजन. सहा खड्ड्यांना ८ ते ९ गोण्या सिमेंट लागतं. खांब मातीत गाडू नका. काँक्रीट जमिनीच्या सहा इंच वर आणून त्यावर १२ मिलिमीटरच्या चार बोल्टांनी खांबाच्या बुडाची लोखंडी पट्टी बसवा, नाहीतर खांब मातीलगतच गंजतो.

जमीन करताना आतली काळी माती दीड फूट काढून मुरूम थराथराने ठोका. वर चार इंच काँक्रीट, १:२:४ (एक भाग सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी). एवढ्या जागेला सात-आठ गोण्या सिमेंट, सुमारे १८ घनफूट रेती आणि ३५ घनफूट गिट्टी लागते. जमिनीचं काँक्रीट खांबाला चिकटू देऊ नका, मध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवा. दोघांची हालचाल वेगळी असते. जोडलं की तडा ठरलेलाच. उन्हाळ्यात काँक्रीट संध्याकाळी टाका आणि ओली तरटं दहा दिवस सुकू देऊ नका.

छपराचे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला सांगा. खोबणीतून पाणी वाहतं, तिथला स्क्रू आज ना उद्या गळतो. रबरी वायसर थोडा फुगला की थांबायचं. दाबून चपटा केला तर दोन उन्हाळ्यांत चिरतो. कारागीर हमखास विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे: भोक पाडताना पडलेला लोखंडी कीस. तो त्याच दिवशी झाडला नाही तर पहिल्या दवाने गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबूस ठिपके उठतात. झाडू घेऊन स्वतः वर नजर टाका.

दाराखाली दीड-दोन इंच फट राहते आणि हवेला जागाच ठेवलेली नसते. उंबऱ्याला लोखंडी पट्टी लावून फट पाव इंचावर आणा. उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात आणि एक बंडल गेलं तर शेडच्या पैशांत वाचवलेलं सगळं गेलं. समोर आणि मागे छपराखाली एक फूट पट्टा मोकळा ठेवून अर्धा इंची जाळी बसवा. बाहेर पारा ४५ वर असताना बंद टिनाखाली बॅटरी पंपाची बॅटरी आणि रबरी नळ्या लवकर मरतात. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर फरक हाताला जाणवतो.

रॅकचा मधला खण भाराने झोकतो. वेल्डिंग मशीन आणि मोटर खाली लाकडी फळीवरच ठेवा. तिफण, वखर, डवरे भिंतीपासून तीन इंच सोडून जमिनीच्या दीड फूट वर टांगा. उधईने मातीची नळी वर आणली तर ती या फटीत लगेच दिसते. वखराच्या पासेला टांगण्याआधी ग्रीस लावा.

फवारणीची औषधं या शेडमध्ये उघड्या रॅकवर नकोतच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. कुलपाची वेगळी लोखंडी पेटी, जाळीजवळ, मुलांच्या हाताबाहेर, आणि कापडी हातमोजे नव्हे तर रबरी हातमोजे पेटीलाच लटकवलेले.

विजेची तार पत्र्याच्या भोकातून तशीच आत घेतात, हा या शेडचा सगळ्यात धोक्याचा दोष. पत्रा वाऱ्याने थरथरतो, भोकाची धार इन्सुलेशन कापते आणि अख्खं शेड करंट मारू लागतं. भोकात रबरी बुच, तार पीव्हीसी नळीतून, सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच), एवढं झाल्याशिवाय मेन चालू करू नका.

ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, खड्डे कोरड्यात निघतात. व्यवहार ठरवतानाच शेवटची दहा टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर, दार सहज उघडतंय आणि छपरातून थेंब येत नाही हे पाहून देण्याचं कागदावर लिहून घ्या.