मंडळीचं व्हॉट्सॲप: सूचनांना चोख, विचारपुशीला अपुरं

नाशिकमधली शरणपूरची वसाहत 1854 च्या सुमारास ख्रिस्ती मिशनने वसवली, तेव्हा मंडळी, म्हणजे चर्चची सभासद कुटुंबं, आणि वस्ती एकच होती. आता शरणपूर रोडवर उपासनेला येणारी घरं सिडको, सातपूर, नाशिक रोड, पार देवळाली कॅम्पपर्यंत पसरली आहेत, आणि चर्चच्या घंटेचं काम व्हॉट्सॲपकडे आलंय. ते काम ॲप कसं करतं, हे शे-सव्वाशे कुटुंबांच्या मंडळीचा हिशोब धरून पाहू.

बहुतेक ठिकाणी एकच मोठा ग्रुप असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. प्रश्न येतो मयताच्या निरोपाला. सकाळी नऊला निरोप पडतो: दफनविधी दुपारी चारला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मुलगा पुण्याहून निघालेला असतो, म्हणून अकराला वेळ पाचवर जाते, पण ती ओळ साठ श्रद्धांजल्यांखाली गाडली जाते. निम्मे लोक चारलाच कबरस्थानात हजर! मूळ निरोप दुरुस्त करावा, तर ती मुभा पहिली पंधरा मिनिटंच असते.

यावर उपाय म्हणजे व्हॉट्सॲपमधली ‘कम्युनिटी’: अनेक ग्रुप एका छत्राखाली. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये नवी सूचना फक्त ॲडमिन टाकतात, बाकीच्यांना एकमेकांचे नंबरही दिसत नाहीत. त्याखाली भागवार ग्रुप करायचे: पंधरा-वीस घरांमागे एक. गायनवृंद, संडे स्कूल आणि महिला मंडळ वेगळे. श्रद्धांजली, वाढदिवस, केकचे फोटो हे सगळं भागाच्या ग्रुपात. मयताच्या निरोपाचा साचा ठरलेला हवा: नाव, वय, भाग, घरून निघायची वेळ, उपासनेची वेळ, कबरस्थान, एकच फोन नंबर. वेळ बदलली तर पूर्ण निरोप नव्याने टाकायचा, वर ‘बदललेली वेळ’ लिहून पिन करायचा आणि जुना सगळ्यांसाठी डिलीट करायचा. अशी मांडणी असेल तर सूचनांसाठी पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही.

ब्रॉडकास्ट लिस्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीच्या, नादी लागू नये. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. नवा फोन घेतलेल्या आजीबाई यादीतून गुपचूप गळतात आणि सेक्रेटरीला पत्ताही लागत नाही. पोल चहापाण्यासाठी डोकी मोजायला उत्तम. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या निवडीला मात्र अजिबात नको, कारण कुणी कुणाला मत दिलं ते सगळा ग्रुप पाहतो.

प्रार्थनाविनंतीला तीनच गुण. ‘सोमवारी ऑपरेशन आहे, प्रार्थना करा’ एवढं पुरतं. रिपोर्टचा फोटो, आजाराचं नाव, बिलाचा आकडा नको. लिहिण्याआधी घरच्यांची परवानगी घ्यावी. सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसला जाण्याची सोय आहे, पण स्क्रीनशॉट कोण थांबवणार? अर्पणासाठी क्यूआर टाकायचा तर तो मंडळीच्या खात्याचा हवा, खजिनदारांच्या खासगी नंबरचा नव्हे. आणि सेक्रेटरी बदलले की त्याच आठवड्यात जुने ॲडमिन काढायचे. हे बहुतेक जण विसरतात.

विचारपूस मात्र या ॲपच्या आवाक्याबाहेरची आहे. तिथे एक गुण, तोही फोन लावता येतो म्हणून. ग्रुप सांगतो कोण बोललं. कोण गप्प झालं, ते सांगत नाही. घरात भांडण झालेला, नोकरी गेलेला माणूस निळी टिक देतो, कधी ‘आमेन’ही टाकतो, पण बाकावर दिसत नाही. त्यासाठी दोनशे पानी वही लागते: प्रत्येक कुटुंबाला एक ओळ, प्रत्येक रविवारला एक रकाना. आणखी एक रकाना शिफ्टचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी फिरते, कित्येकांना रविवारची सुट्टी नसते. तो रकाना नसला की रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला ‘थंड पडलाय’ असं लेबल लागतं. शिफ्ट नसताना सलग दोन रविवार गैरहजेरी झाली की भागाच्या पंचांचा फोन, तिसऱ्याला दोघांनी घरी जायचं. अर्धा तास बसावं, एक स्तोत्र वाचावं, प्रार्थना करावी. थकलेल्या वर्गणीचा विषय त्या दिवशी काढला, तर पुढच्या वेळी दार उघडेलच असं नाही.

पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, भेटीसाठी आठवड्याला तीन घरं धरली, तरी 120 घरांना चाळीस आठवडे जातात. लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आणि नाताळचे दिवस वजा केले की वर्ष संपलं. म्हणून घरोघरच्या प्रार्थनासभा भागवार, महिन्यातून एकदा, आलटून-पालटून वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. नाश्ता चहा-बिस्किटांवर थांबवायचा. एका घरी पुलाव झाला की पुढच्या घराला ओझं होतं, आणि ज्यांची ऐपत नाही ती घरं ‘यंदा जमणार नाही’ म्हणू लागतात.

स्मार्टफोन नसलेल्यांची यादी सेक्रेटरीच्या वहीच्या पहिल्याच पानावर असावी. त्यांना शनिवारी संध्याकाळी सातच्या आत फोन करायचा; ऐकू कमी येत असेल तर शेजारच्या घराकडे मोठ्या अक्षरातली चिठ्ठी द्यायची.