कृष्णेतील माशांची नोंद: जाळे की पाण्यातला डीएनए?

सांगलीजवळच्या कृष्णेत कोणकोणते मासे आहेत याची नोंद एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा नदीवर काम करणाऱ्या गटाला सुरू करायची असेल, तर त्यांच्यापुढे दोन मार्ग आहेत. जाळ्यात आलेला मासा हाताळून ओळखणे हा एक, आणि माशांनी पाण्यात सोडलेला पर्यावरणीय डीएनए वाचणे हा दुसरा.

माशाच्या अंगावरचा चिकट स्राव, खवले आणि विष्ठा यांतून त्याचा डीएनए सतत पाण्यात मिसळत असतो. लिटर-दोन लिटर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या फिल्टरमधून गाळून तो फिल्टर अल्कोहोलमध्ये किंवा गोठवून ठेवतात. पुढे प्रयोगशाळेत त्यातील डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून त्याचा क्रम संदर्भसंग्रहाशी, म्हणजे ओळख पटलेल्या जातींच्या क्रमांच्या साठ्याशी, ताडून पाहतात. माशांसाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मायफिश’ (MiFish) प्रायमरची, म्हणजे हवा तो तुकडा पकडून त्याच्या प्रती काढू देणाऱ्या डीएनएच्या लहान धाग्यांची, जोडी यासाठी जगभर वापरली जाते. कपारीत दडणारी वाम किंवा संख्येने अगदी थोडे उरलेले मासे जाळ्याला हुलकावणी देतात. त्यांचा माग अशा नमुन्यात लागू शकतो आणि त्यासाठी एकही मासा मारावा लागत नाही.  

जाळ्यातल्या माशाची लांबी व वजन घेता येते, तो गाभोळीचा आहे का हे कळते, अंगावरच्या जखमा दिसतात. पाण्यातला डीएनए यातले काहीच सांगत नाही. मासा जिवंत होता की मेलेला, हेही त्यावरून ठरत नाही, आणि संख्येचा अंदाज फार तर ढोबळ मिळतो. मात्र जाळ्याचा आस, म्हणजे त्याचे भोक, ठरावीक मापाचा असल्याने त्याहून लहान मासे निसटतात, ही या पद्धतीची जुनी मर्यादा आहे. वेगवेगळ्या आसांची जाळी बाळगणाऱ्या भोई बांधवांना सोबत घेतल्यास ती बरीच कमी होते.

खरा पेच नदीच्या वाहण्यात आहे. डीएनए प्रवाहाबरोबर खाली जातो. म्हणून हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते त्या संगमाच्या खालचा नमुना दोन्ही नद्यांचे मिश्र उत्तर देतो, आणि मासा कोणत्या नदीतला हे जाणायचे असल्यास संगमाच्या वर दोन्ही पात्रांतून वेगवेगळे पाणी घ्यावे लागते. सांगलीतल्या शेरी नाल्यासारख्या नाल्यांतून सांडपाणी मिसळते तिथे तर स्वयंपाकघरात धुतलेल्या बांगड्या-सुरमईचा डीएनएही नदीत येऊ शकतो, आणि यादीत समुद्री मासा दिसला तर गोंधळून न जाता त्याचा उगम ओळखता आला पाहिजे. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने फिल्टर लवकर तुंबतो, तर उन्हाळ्यात ऊन आणि उष्णतेमुळे डीएनए झपाट्याने विघटित होतो. त्यामुळे पाऊस ओसरून पाणी निवळल्यावरचे, हिवाळ्यातले दिवस मला सर्वांत योग्य वाटतात.

संदर्भसंग्रहाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ज्या जातीचा क्रम संग्रहात नाही, ती नमुन्यात असूनही तिचे नाव मिळत नाही किंवा जवळच्या जातीचे नाव मिळते. आपल्याकडील माशांच्या बारकोडिंगमध्ये, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याच्या कामात, सीओआय या जनुकावर अधिक भर राहिला आहे, आणि मायफिश वाचते तो १२एस या दुसऱ्याच जनुकाचा तुकडा, त्यामुळे सीओआयच्या नोंदी त्याच्याशी ताडता येत नाहीत.

म्हणून ज्यांच्याकडे आधीची यादीच नाही, त्यांनी पहिले वर्ष जाळ्यावर घालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळख पक्की झालेल्या प्रत्येक माशाच्या परांचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये जपावा, म्हणजे पुढच्या डीएनए-कामाचा स्थानिक संदर्भसंग्रह त्यांतून उभा करता येतो. याउलट, मत्स्यशेतीत पाळण्यास बंदी असलेला आफ्रिकन मागूर एखाद्या पट्ट्यात शिरला आहे का, असा एकाच जातीचा प्रश्न असेल, तर थेट त्या जातीपुरती डीएनए-चाचणी करावी. तिथे जाळ्याची वाट पाहण्यात वेळ दवडू नये. दोन्हींपैकी कोणतेही काम असले, तरी डीएनएच्या प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली नदीकाठी नेऊन त्याच साधनांनी गाळावी; त्या फिल्टरवर माशाचा डीएनए सापडला, तर त्या दिवशीचे सगळे नमुने संशयाखाली येतात.