राहतं घर मुलांना द्यायचंय: बक्षीसपत्र करावं की मृत्युपत्र?

सोसायटीत नॉमिनेशन केलं म्हणजे घराचा प्रश्न मिटला, असं मानणारे अजून खूप आहेत. नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद, मालकी वारसांचीच. त्यामुळे महाराष्ट्रात निवड करायची ती बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतच.

बक्षीसपत्र स्वस्त पडतं. राहतं घर नवरा-बायको, मुलं किंवा नातवंडांना दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, नोंदणी फीही तेवढीच. वर स्थानिक अधिभार लागू शकतो. दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि घेणाऱ्याने तुमच्या हयातीत स्वीकारलं की काम झालं. पण त्या क्षणापासून तुम्ही मालक नाही. उद्या मुलाने घर गहाण ठेवलं किंवा विकायला काढलं, तर तुमची सही लागत नाही. मन बदललं म्हणून दस्त रद्दही होत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 चं कलम 23 आहे: सांभाळाच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. पण म्हातारपणी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायची वेळ कुणावर यावी? बक्षीसपत्र करायचंच असेल, तर ही अट आणि स्वतःचा तहहयात राहण्याचा हक्क दस्तात स्पष्ट लिहून घ्या.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक, आणि हवं तितक्यांदा बदलता येतं. त्रास होतो तो मागे राहिलेल्यांना. मुंबईतल्या घरासाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं होतं. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम 213 वगळलं आणि ती सक्ती गेली. तरी भावंडांत तंटा असेल तर कोर्टाची पायरी चुकत नाही. एकाने जरी हरकत घेतली, तरी साध्या अर्जाचा दावा होतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

गोव्यात गणित वेगळं: मुलं असतील तर स्वतःच्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीने देता येतो.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात तुम्ही झोपता, त्याचं मृत्युपत्रच करा. बक्षीस द्यायचं तर दुसरा फ्लॅट द्या. साक्षीदार मात्र तुमच्याहून तरुण निवडा, आणि ज्यांना काही मिळणार नाही असेच. वाद झाला तर सही तुमचीच होती हे कोर्टात त्यांनाच सांगावं लागेल. सत्तरी ओलांडली असेल तर सहीच्याच दिवशी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन सोबत जोडा.