सरकारी आयसीटीसी, ठाणे : पंखा बंद, बाकी पैसा वसूल (पैसे लागतच नाहीत म्हणा)

हॉटेलांचे, सलूनचे रिव्ह्यू सगळे लिहितात, आयसीटीसीचा, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राचा, कोणी लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते मलाही कळतं, म्हणून हॉस्पिटलचं नाव आणि माझं नाव दोन्ही गुलदस्त्यात. ठाण्यातलं एक सरकारी हॉस्पिटल, एवढं पुरे. मी राहतो घणसोलीला, पण नवी मुंबईत कोणीतरी ओळखीचं भेटेल म्हणून मुद्दाम ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला गेलो, आणि केसपेपरच्या रांगेत माझ्या पुढे कोण तर आमच्याच सोसायटीतले काका, मोतीबिंदूसाठी आलेले! "काय रे, इकडे कुठे?" "काही नाही काका, स्किनचं." विषय संपला. काका स्वतःच्या डोळ्यात बिझी होते.

पण आधी खासगी लॅबचं सांगतो, कारण खरी गंमत तिथे झाली. एकदा कंडोमशिवाय प्रकार घडला होता, डिटेल नकोत, सहा दिवस नुसतं गूगल करून करून झोप उडाली तेव्हा ऑनलाइन एक पॅकेज बुक केलं. काउंटरवरच्या पोरीने "एचआयव्हीवाले कोण?" असं भर हॉलमध्ये विचारलं, ते एक वेळ सोडा. रिपोर्ट पाठवला कुठे, तर बाबांच्या व्हॉट्सॲपवर! तीन वर्षांपूर्वी बाबांची शुगर तिथेच केली होती, तोच नंबर सिस्टिममध्ये. संध्याकाळी बाबा चष्मा कपाळावर ढकलून विचारतात, "हे रे काय, एचआयव्ही?" कंपनीची इन्शुरन्स मेडिकल आहे असं सांगून वेळ मारून नेली. निगेटिव्ह होता म्हणून एवढ्यावर निभावलं. या बाबतीत गुप्तता पाळायलाच हवी असा २०१७ चा कायदा आहे देशात, हे मला नंतर कळलं, त्या पोरीला कळलंय की नाही देव जाणे.

आता आयसीटीसी. कोपऱ्यातली खोली, दाराला हिरवा पडदा, टेबलावर निरोधच्या पाकिटांचा डबा, भिंतीवर १०९७ हेल्पलाइनचं पोस्टर आणि वर पंखा जो फिरतच नाही. आत एक समुपदेशक ताई. माझा निगेटिव्ह रिपोर्ट मी जरा ऐटीतच पुढे केला, तर तारखा बघून त्या म्हणाल्या, "दादा, रात्री पेरलं आणि सकाळी उगवलं का बघायला गेलात होय?" मग नीट समजावलं, म्हणजे लॅबने जे फुकट सांगायला हवं होतं ते. लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो, त्याला विंडो पीरियड म्हणतात, शिरेतून रक्त घेऊन केलेल्या चौथ्या पिढीच्या टेस्टमध्ये (ती विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधते) साधारण १८ ते ४५ दिवसांत दिसतं, नुसत्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, शोधणाऱ्या टेस्टला २३ ते ९० दिवस लागू शकतात. म्हणजे माझ्या सहाव्या दिवसाच्या रिपोर्टला रद्दीचा भाव.

आणि खरं झोंबलं ते पुढचं. "पहिल्या ७२ तासांत आला असतात तर डॉक्टरांनी बघून पेपच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण रोखायच्या, गोळ्या सुरू करायचं ठरवलं असतं, २८ दिवसांचा कोर्स असतो." मी ते ७२ तास काय केलं? घसा खवखवतोय का ते मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघत बसलो.

दंडाला पट्टी, रक्त, आणि थोड्या वेळाने रिपोर्ट हातात, बंद दाराआड. पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह, म्हणजे लागणीची शंका दाखवणारी, आली तर वेगवेगळ्या किटवर अजून दोन करतात, एका टेस्टवरून कोणाला पॉझिटिव्ह म्हणून मोकळे होत नाहीत. माझी एचआयव्ही निगेटिव्ह आली, सहा आठवडे झालेले तरी तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या. पण सिफिलीस निघाला, तोही असल्या संबंधातून होणारा रोग!

मला काहीच होत नव्हतं हो. मध्ये एक छोटी जखम झालेली, दुखत नव्हती, आपोआप भरली, मी समजलो पँटच्या चेनने घासलं. ताई म्हणाल्या, हीच त्याची खोड, जखम जाते, रोग आत राहतो, आणि वर्षानुवर्षं पडून राहिला तर मेंदू, हृदय, काहीही धरू शकतो. लवकर सापडल्यामुळे माझं एका दिवसात निभावलं, बाजूच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांचा सरकारी दवाखाना) आधी टेस्ट डोस आणि मग पेनिसिलिन, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. परतीच्या ट्रेनमध्ये सीट रिकामी असून ऐरोलीपर्यंत उभा होतो.

तक्रारी आहेत. दुपारनंतर रक्त घेत नाहीत, म्हणजे हाफ डे गेलाच. क्लॅमिडिया, गनोरिया या दुसऱ्या दोन लैंगिक आजारांची लघवीची टेस्ट माझी झाली नाही, लक्षणं असतील तर त्यावरून औषध देतात, आणि क्लॅमिडियाला तर बहुतेक वेळा लक्षणंच नसतात, बायकांमध्ये तो गुपचूप गर्भनलिका खराब करू शकतो. ती टेस्ट मी बाहेर केली, या वेळी नंबर दहादा तपासून. आणि पंखा! एक स्टार पंख्याचा कापला, पाचपैकी चार.

तीन महिन्यांनी परत गेलो, एचआयव्ही निगेटिव्ह, व्हीडीआरएलचा (सिफिलीसची रक्ताची टेस्ट) आकडा १:३२ वरून १:४ वर, म्हणजे उतरला. ताईंनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "पार्टनरला सांगितलंत का?" सांगितलं होतं, खूप आधी, मेसेज करून. दोन निळ्या टिक आल्या आणि पुढे शांतता. मी पण परत विचारलं नाही, तोंड कुठे होतं. परवा रात्री तिचा एकच मेसेज आला, "कुठल्या खिडकीवर जायचं?"

तर बाई, सकाळी नऊच्या आत ये, केसपेपरच्या खिडकीवर काही सांगायची गरज नाही, आयसीटीसी म्हण फक्त. मग जिन्याच्या डावीकडे, हिरवा पडदा. मोबाइल नंबर तुझाच दे, घरचा नको. इंजेक्शन लागलंच तर येताना रिक्षा कर.