सावंतवाडी राजवाड्यातला दशावतारी गंजिफा संच : एका चित्रकार मुलीचा रिव्ह्यू

सावंतवाडीच्या राजवाड्यातून दशावतारी गंजिफाचा संच घेतलाय आणि आता त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे गोल पत्ते असतात, हाताने रंगवलेले, एकूण १२० पानं, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. किंमत साध्या कॅटच्या तुलनेत खूपच जास्त आहे, आधीच सांगते, पण १२० छोटी पेंटिंग्ज घेतोय असं समजूनच घ्यायचं.

क्वालिटीबद्दल बोलायचं तर मत्स्याची दश्शी हातात घेऊन बघा. एवढ्याशा गोलात दहा मासे बसवलेत, कुठेही गर्दी वाटत नाही आणि प्रत्येक माशाचा डोळा वेगळ्या ठिपक्याने झालाय, एकाचा किंचित मोठा, एकाचा जरा खाली सरकलेला, म्हणजे ब्रश दहा वेळा उचलून दहा वेळा टेकवलाय कोणीतरी. राजाच्या पानावर मत्स्याच्या मुकुटाची रेघ एका दमात ओढलेली आहे, ती रेघ अशी येण्यासाठी किती वर्षं हात घासावा लागतो ते ड्रॉइंग करणाऱ्याला बरोबर कळतं. पारंपरिक पद्धतीत कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटायचं, मग रंग आणि लाखेचा हात. त्यामुळे पान बोटांवरून सुळकन सरकतं. याआधी मी ऑनलाइन एक छापील संच मागवला होता, कुठल्या साइटवरून ते सोडा, त्याच्या कडा महिन्याभरात सुटल्या आणि सगळे मासे एकसारखे.

आता मुद्द्याचं. मी कोकणी मुसलमान आहे. कॉलेजात असताना दशावताराची स्केचेस केली तर एकाने विचारलं, तू हे कशाला काढतेस? घरी मावशी म्हणायची, जिवंत माणसाची तस्वीर काढू नये, त्यात पत्ते म्हणजे तर जुगार. दोन्हीकडून मला सांगितलं जात होतं की हे तुझं नाही. मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही, नुसता राग यायचा. या संचाच्या निमित्ताने गंजिफाचा इतिहास नीट वाचला आणि खूप काही मोकळं झालं.

हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांबद्दल अबुल फझलने लिहून ठेवलंय. मुघल गंजिफात ९६ पानं, आठ रंग, ताज, शमशेर, गुलाम, चंग वगैरे. दिवसा खेळलं तर सुर्ख म्हणजे सोन्याच्या नाण्याचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री सफेद म्हणजे चांदीच्या नाण्याचा राजा ज्याच्याकडे त्याने. आणि दशावतारीत? दिवसा रामाचा राजा उतरतो, रात्री कृष्णाचा! नियम तोच ठेवला आणि चेहरे बदलले. अजून एक, मत्स्य कूर्म वराह नरसिंह वामन या पाचांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, पण परशुरामापासून कल्कीपर्यंत उलट, एक्का मोठा. मुघल संचातही अर्ध्या रंगांत हीच उलटापालट आहे. कोणीतरी बसून विचार केला असणार की हा खेळ आपल्याला आवडलाय, यात आपले देव बसवूया, आणि ज्यांच्याकडून आला त्यांचं गणित तसंच राहू दिलं. मला हे फार मोठं वाटतं. हे बघितल्यावर मी वामनाचा कमंडलू काढताना कोणाची परवानगी का मागू? माझी नमाज माझ्याजागी आहे, ती या रेघेने कमी होत नाही. मावशीचं म्हणणं मी टाकून देत नाही, तिची श्रद्धा खरी आहे, फक्त माझा हात जिथे रमतो ते मी सोडणार नाही. पैसे लावून खेळायचं नाही हे मात्र तिचं मला पूर्ण पटतं.

आणि ही कला आज आहे ती आपोआप टिकलेली नाही. सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी मनावर घेतलं, तोवर जुनं काम जाणणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते, त्यांच्याकडून शिकून राजवाड्यात पुन्हा काम सुरू झालं. आजही दरबार हॉलमध्ये कलाकार मांडी घालून रंगवताना दिसतात. मी तिथे बराच वेळ नुसती बघत बसले, कोणी उठवलं नाही, उलट ब्रश कसा धरायचा ते दाखवलं.

खेळायला तीन जण लागतात, प्रत्येकी ४० पानं, हातात मावत नाहीत म्हणून सुरुवातीला वैताग येतो, एक-दोन डावांत सवय होते. इंग्रजी पत्त्यांसारखी पिसायची नाहीत हां, चादरीवर उपडी पसरून हाताने कालवायची, नाहीतर लाख खरवडेल. कोकणातल्या पावसात उघडी ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसून डब्यात.

चित्रकलेच्या पोरांनी तर घ्याच, एकट्याला परवडत नसेल तर तिघांनी वर्गणी काढून घ्या, नाहीतरी खेळायला तिघं लागतातच. आणि शक्य असेल तर ऑर्डर न देता प्रत्यक्ष जा, पानं हातात घेऊन निवडा, दोन संच शेजारी ठेवले की कोणाची रेघ कशी चालते ते दिसतं. माझ्या यादीत पुढचा मुघल संच आहे, पैसे साठवतेय.