बॅगवालं की साइडवालं? माळव्याच्या पावसात बसून चालवायचं गवत-मशीन निवडताना

लॉन एकरभर किंवा त्याहून मोठं असेल आणि बसून चालवायचं मशीन घ्यायचं नक्की झालं असेल, तर इंदूरला बहुतेक मंडळी दोनच गोष्टींचा कीस पाडतात: इंजिन किती हॉर्सपॉवरचं आणि शेवटचा भाव काय. दोन्ही बघावं, पण वर्षभर मशीन वापरताना खरा फरक पडतो तो कापलेलं गवत जातं कुठे यानं. एक प्रकार ते मागच्या मोठ्या बॅगेत गोळा करतो, दुसरा उजव्या बाजूच्या तोंडातून बाहेर फेकतो. मी साइडवालं घेतलं आणि अजून तरी त्याचा पश्चात्ताप नाही. पण बॅगवाल्याचे गुणही खरे आहेत, म्हणून आधी तेच.

झिरो-टर्न या तुलनेत नाही. त्याची दोन्ही मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि मशीन जागच्या जागी वळतं. सपाट, कोरड्या मैदानावर त्याला तोड नाही. आपल्या काळ्या मातीत मात्र जुलैत एक चाक जागेवर फिरलं की खालची दूब (हरळी) मुळासकट निघून येते. शिवाय पुढची चाकं मोकळी असल्यामुळे ओल्या उतारावर मागची चाकं घसरली, तर दिशा सांभाळायला हातात काही राहत नाही.

बॅगवाल्याची कापणी बघितली की मोह होतोच. त्याच्या डेकखाली, म्हणजे पाती झाकणाऱ्या आवरणाखाली, दोन पाती एकमेकांच्या उलट फिरतात आणि दोघांचा हवेचा झोत मधल्या बोगद्यातून मागे बॅगेत जातो. मागे एक काडी उरत नाही. मॅरेज गार्डन चालवणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या लग्नसराईत गवत कोरडं असतं, वाढही कमी. डेकोरेशनवाले मागे सोडून गेलेले तारेचे तुकडे नि स्टेपलरच्या पिना बाजूला उडण्यापेक्षा बॅगेत गेलेल्या बऱ्या. अर्थात आधी हातानं वेचून घेणं कोणत्याही मशीनला चुकत नाही. पात्याचं टोक ताशी 300 किलोमीटरच्या वर वेगानं फिरत असतं, खिळा त्याच्या तडाख्यात सापडला तर बॅग तरी किती अडवणार?

या उलट फिरण्याची एक किंमत आहे. बऱ्याच मॉडेलांत दोन्ही पात्यांची वर्तुळं मध्ये एकमेकांत शिरतात, म्हणून ती दातेरी पट्ट्यानं एका ठरलेल्या कोनात बांधलेली असतात. पट्ट्यानं दात सोडला की पातं पात्यावर आदळतं, आणि मग पात्यांबरोबर बेअरिंगं आणि कधी शाफ्टही जातो. डावं आणि उजवं पातं वेगळं असतं, अदलाबदल चालत नाही. काही मॉडेलांत एका पात्याचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. मिस्त्रीला हे आधी सांगितलं नाही, तर तो जोर लावून बोल्टच तोडतो. साइडवाल्याची पाती एकाच दिशेनं फिरतात, मागे-पुढे सरकवून बसवलेली असतात आणि एका लांब पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला तर पाती थांबतात, नुकसान तेवढंच.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर, इंदूरच्या सियागंज बाजारात याच मापाचा साधा व्ही-बेल्ट सहज आणि स्वस्तात मिळतो, पण पात्यांसाठी तो घेऊ नये. पाती इंजिनाला जोडताना-सोडताना हा पट्टा पुलीवर घसरत पकड घेतो, म्हणून मूळ पट्ट्यात अ‍ॅरामिडचे, म्हणजे उष्णता सोसणारे मजबूत धागे असतात. साधा पट्टा तिथे तापून ताणतो, मग पाती मंदावतात आणि गवत कापलं न जाता ओरबाडलं जातं. मशीन कोणतंही घ्या, एक मूळ पट्टा आणि पात्यांचा एक जोड त्याच बिलात घेऊन ठेवा.

आता ज्या एका त्रासानं माझ्यापुरता निकाल लावला, तो सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये बॅगवाल्याचा बोगदा तुंबतो. कधीतरी नाही, सारखा. ओली दूब जड असते, चिकट असते, तिचे लांब धागे एकमेकांत अडकतात आणि हवेचा झोत तिला बोगद्याच्या वळणावरून वर ढकलू शकत नाही. डेकच्या आत गवत-मातीचा थर चढला असेल, पाती बोथट असतील किंवा चालवणाऱ्यानं पेट्रोल वाचवायला थ्रॉटल अर्ध्यावर ठेवला असेल, तर चार फेऱ्यांतच गच्च. बॅग अजून अर्धीही भरलेली नसते आणि मागून गवताचे गोळे पडायला लागतात.

तुंबल्यावर करायचं ते असं: पाती सोडा, थ्रॉटल खाली घ्या, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात टाका, पाती पूर्ण थांबू द्या, मग उतरा. बॅग काढा आणि लाकडी दांड्यानं मागून गवत ओढा. हात घालू नये. डेकच्या आतपर्यंत जायचं असेल तर आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा, कारण पातं हातानं फिरलं तरी इंजिन एखादा झटका देऊ शकतं. मग बॅग लावा, बसा, ब्रेक दाबून परत चालू करा.

एकदा करायला दोन-तीन मिनिटं. पण सकाळभरात हेच पुनःपुन्हा करावं लागलं की माणूस वाट शोधतो. सीटखाली एक स्विच असतो. पाती चालू असताना माणूस उठला की तो इंजिन बंद करतो. बॅगेलाही तसाच स्विच असतो. माळी किंवा ड्रायव्हर या दोन्हींना तारेचा तुकडा लावून मोकळा होतो, म्हणजे इंजिन चालू ठेवूनच उतरता येतं. पुढचं सांगायला नको. बोगद्यात गेलेला हात फिरत्या पात्यापासून वीतभरावर असतो. यात माळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. जे मशीन सारखं उतरायला लावतं, त्याचा स्विच आज ना उद्या बांधला जातो, असं माझं तरी निरीक्षण आहे. साइडवाल्यात तोंड उघडं आणि आखूड असतं. ओल्या गवताचे ढेकूळ पडतात, दिसायला वाईट दिसतं, पण उतरायची वेळ क्वचित येते.

कुणाचंही मशीन असो, महिन्यातून एकदा सीट उचलून बघा. स्विचच्या जोडणीत वायरचा आकडा किंवा टेप दिसली तर काढून टाका. मग मोकळ्या जागी चाचणी घ्या. पाती जोडलेल्या स्थितीत चावी फिरवली तर स्टार्टर फिरता कामा नये. इंजिन चालू करून, पाती जोडून सीटवरून नुसतं थोडं उठलं की इंजिन बंद पडलं पाहिजे आणि पाती पाच सेकंदांच्या आत थांबली पाहिजेत. जास्त वेळ लागत असेल तर पात्याच्या ब्रेकचा पॅड झिजलाय. कधी उलटी तक्रार येते: उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर धक्के बसले की बसलेल्या माणसासकट मशीन बंद पडतं. चालवणारा वजनानं हलका असला तर हे हमखास. त्यावर स्विच बांधणं हा उपाय नाही. सीटच्या स्प्रिंगा हलक्या वजनाला बसतील अशा करा, स्विच जुना असेल तर बदला आणि भेगांत माती भरून घ्या.

साइडवाल्याचे दोषही झाकत नाही. ते खडे फेकतं, आणि लांब फेकतं. तोंडावर स्प्रिंगचं झाकण असतं. अरुंद फाटकातून मशीन जात नाही म्हणून ते कापून टाकलेलं मी पाहिलंय. ते कधीही काढू नये, फाटक मोठं करावं. तोंड उजवीकडे असल्यामुळे कडेच्या पहिल्या दोन फेऱ्या घड्याळाच्या दिशेनं माराव्यात. म्हणजे गवत आणि खडे आत लॉनकडे जातात, उभ्या गाड्यांकडे किंवा फुलांच्या ताटव्यात नाही. त्यानंतर दिशा उलटवावी. गवत मग कापलेल्या भागावर पडतं आणि पात्यांवर दुहेरी ओझं येत नाही. पडलेल्या गवताच्या रांगा उन्हानं सुकल्या की पंजानं ओढून खताच्या खड्ड्यात टाकता येतात. दर आठवड्याला कापलं आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढलं नाही, तर ओढावंही लागत नाही. लॉनवर कुणीही असो, विशेषतः मुलं, तेव्हा मशीन बंद. रिव्हर्समध्ये पाती सोडून आणि मागे वळून बघूनच जायचं. यात दोन्ही प्रकार सारखेच.

उताराचा नियमही दोघांना एकच: खाली-वर चालवायचं, आडवं नाही, आणि उतारावर वळायचं नाही. मॅन्युअलमधली मर्यादा मॉडेलप्रमाणे बहुधा 10 ते 15 अंशांची असते. 10 अंश म्हणजे मीटरभर अंतरात साधारण 18 सेंटिमीटर चढ. बॅगवाल्याला इथे आणखी एक अडचण, भरलेली ओली बॅग मागच्या चाकांच्याही मागे लटकते, चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

देखभालीत फरक थोडाच. पावसाळ्यात दर वापरानंतर डेकचा आतला भाग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. काळी माती वाळली की दगड होते. प्रेशरचं पाणी बेअरिंगांवर आणि पाती जोडणाऱ्या इलेक्ट्रिक क्लचवर मारू नका. पातं काढताना ते आणि डेक यांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. धार फक्त वरच्या बाजूनं, मूळ कोनातच. मग मधल्या भोकात खिळा घालून पातं तोलून बघा, जड बाजू खाली जाते, तिकडचं थोडं घासा. पात्याच्या मागच्या उचललेल्या पंखाकडेही बघा. धुळीनं तो बुडाशी झिजून पातळ होतो, तिथे फट दिसली की पातं भंगारात. वेल्डिंग करून परत लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

आपल्या उन्हाळ्यात इंजिनाला एसएई 30 तेल बरं. 27 अंशांच्या वर 10डब्ल्यू-30 जास्त जळतं. एका सिलिंडरच्या इंजिनात साधारण 1.4 लिटर, दोनच्या इंजिनात 1.9 लिटरच्या आसपास लागतं, पण तेल मोजायच्या दांडीवर बघूनच भरा. मे महिन्यातल्या लूच्या (गरम वाऱ्याच्या) धुळीत एअर फिल्टर दर 25 तासांनी उघडा. कागदी फिल्टर हलकं आपटून झटकायचा, कॉम्प्रेसरनं नाही. पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा 10 टक्केच दिलेली असते. म्हणून टाकी भरून ठेवू नका. मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर पेट्रोल काढा आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. टायरात हवा बहुधा पुढे 14, मागे 10 पीएसआय. डाव्या-उजव्या बाजूला फरक राहिला तर डेक तिरका होतो आणि दोष पात्यांना दिला जातो.

तर निवड अशी: मॅरेज गार्डन, क्लबची हिरवळ, किंवा पाहुण्यांसमोर स्वच्छ दिसलंच पाहिजे असं कुठलंही लॉन, आणि पावसाळ्यात गवत थोडं वाढलं तरी चालेल, तर बॅगवालं घ्या. बायपासपलीकडचं फार्महाउस, कॉलनीचं मोकळं मैदान, चालवणारा पगारी माणूस आणि चार महिने दर आठवड्याला कापणी, तर माझा कल साइडवाल्याकडे. कुणी वेगळं सांगेल, त्याचं लॉनही वेगळं असेल. डेमो मात्र मार्चमधल्या कोरड्या गवतावर बघू नका. जुलैत, रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी दहाच्या आत मशीन आपल्याच लॉनवर मागवा. पंधरा-वीस मिनिटं सलग चालवायला सांगा आणि दाखवणारा माणूस किती वेळा उतरतो, आणि उतरताना चावी काढतो का, एवढं बघा.